शनिवारचा पुडा

भोसरीतल्या त्या पत्र्याच्या चाळीत कुणाचं कसं चाललंय हे तोंडानं विचारायची गरजच पडत नसे. शनिवारी संध्याकाळी घरातला कर्ता हातात तेलकट पुडा घेऊन आला की समजायचं, कंपनी जोरात आहे, ओव्हरटाइम मिळतोय. रिकाम्या हातानं आला की समजायचं, उद्यापासून ह्यांच्याकडं साखर उसनी मागायला जायचं नाही, उलट आपला डबा वरच्या फळीवर ठेवायचा.

यशोदाबाईंचा नवरा ज्योतीराम पुडेवाल्यांतला. बार्शीकडून आलेला गडी, एका कंपनीत लेथवर काम करायचा. दर शनिवारी मारुतरावाच्या हॉटेलातून कांदाभजी, बरोबर तळलेल्या मिरच्या, वरून वर्तमानपत्र आणि पांढरा दोरा. आणि ते पिशवीत घालून नव्हे हां! पुडा तळहातावर, सत्यनारायणाचा प्रसाद आणावा तसा, आणि चाळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ज्याची त्याची विचारपूस करत स्वारी घरी पोचायची.

यशोदाबाईंचा त्या भज्यांवर दात होता. का नसावा? लग्न झाल्यापासून त्या भजी तळत आल्या होत्या आणि घरातल्या एकानं कधी बरं म्हटलं नव्हतं. थोरली चित्रा तर वयानं दहाची आणि जिभेनं सत्तरीची. तोंडावर सांगायची, "आई, तुझी भजी अगदी घरच्यासारखी लागतात." आता घरात तळलेली भजी घरच्यासारखी नाही तर काय विमानातल्यासारखी लागणार? पण पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते काही उगाच नाही.

त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तरचा सुमार असेल. कंपनीची कामं कमी झाली आणि ओव्हरटाइम बंद पडला. तेल आधीच कडाडलेलं. नुसत्या पगारात घर चाललं असतं, पुडा चालणार नव्हता. ज्योतीराम डोक्याला हात लावून बसला.

"पोरांना सांगू की, पुडा बंद," यशोदाबाई म्हणाल्या.

"पोरांचं सोड. चाळीला काय सांगू? शेजारच्या सुमनताईंचे मिस्टर दर रविवारी वड्यांचा पुडा आणतात. त्यांच्यासमोर मी मान खाली घालून फिरू?"

त्याचं तोंड इतकं उतरलं होतं की यशोदाबाईंना दया आली. आणि खरं सांगायचं तर दयेपेक्षा खुमखुमी जास्त आली. "पुडा चुकणार नाही," त्या म्हणाल्या. "भजी मी तळते. घरच्या पिठात निम्म्या पैशात होतील. पण ओव्हरटाइम सुरू झाला की चार माणसांत, चित्राच्या देखत सांगायचं, भजी हिच्या हातची होती म्हणून."

"देवाशप्पथ सांगीन," ज्योतीराम म्हणाला.

चाळीत चोरून तळायची सोय नव्हती, वास पाच खोल्यांना जायचा. पण गावठाणात आक्काबाईचा गोठा होता. म्हातारी एकटीच, दोन म्हशी आणि ही एवढी मोठी चूल. यशोदाबाई तिच्याकडूनच दूध घ्यायच्या. त्यांनी चाचरत विषय काढला.

"ये की," आक्काबाई म्हणाली. "पर शनिवारीच ये. रविवारी चूल मोकळी नसती. आन् मी कुनाला सांगायची न्हाई. झाकली मूठ सव्वा लाखाची, बाई."

ठरलं. ज्योतीराम आता शनिवारी दुपारीच सुटायचा, पण लवकर घरी गेला तर बिंग फुटायचं. म्हणून तो गोठ्यात बसून कांदे चिरायचा. लोखंडाला घाम फोडणारा गडी कांद्यापुढं ढसाढसा रडायचा आणि म्हशी त्याच्याकडं बघत रवंथ करायच्या. "अहो, उभे चिरा, उभे! कोशिंबीर नाही करायची," यशोदाबाई चुलीपासून ओरडायच्या. पीठ बेताचं, पाणी नावाला, ओवा चोळून, आच मोठी. मग वर्तमानपत्र, पांढरा दोरा, आणि दिवेलागणीला पुडा ज्योतीरामाच्या तळहातावर चाळीत शिरायचा.

पहिल्या शनिवारी यशोदाबाईंचा जीव टांगणीला लागला होता. चित्रानं भजं उचललं, तोंडात टाकलं. कुर्रकन आवाज आला.

"बघ आई, ह्याला म्हणतात भजी! शीक जरा."

हसावं की पाठीत रट्टा घालावा, यशोदाबाईंना कळेना. त्यांनी तोंडात पदर कोंबला.

पण पुढं पुढं हसू आटलं. दर शनिवारी तेच. धाकटा बोटं चाटायचा, चित्रा मारुतरावाचे गोडवे गायची, आणि ज्योतीराम खुशाल मान डोलवायचा. बिचाऱ्या मारुतरावाला तिकडं उचक्या लागत असतील. यशोदाबाईंच्या जिवाला ते लागायला लागलं. एक शब्द हवा होता, लेकीच्या तोंडून, आणि तो त्यांच्या डोळ्यांदेखत परक्याच्या पदरात पडत होता.

अखेर ओव्हरटाइम सुरू झाला. त्या शनिवारी ज्योतीराम खराखुरा दमून, मारुतरावाचा खराखुरा पुडा घेऊन आला. सुमनताई विरजण मागायला आल्या होत्या, त्या वाटी हातात घेऊन तिथंच टेकल्या. चित्रानं भजं खाल्लं आणि तोंड वाकडं केलं.

"अण्णा, आज भजी आईनं केलीत ना?"

"का गं?"

"मऊ पडलीत. नुसतं पीठ. लगेच कळतं."

यशोदाबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. बोला आता! ज्योतीरामानं सुमनताईंकडं पाहिलं, मग वर पत्र्याकडं पाहिलं.

"मारुतरावाकडचीच आहेत," तो पुटपुटला.

"मग त्याचा आचारी पळाला असणार," चित्रा म्हणाली.

इतके शनिवार कांद्यांशेजारी बसून यशोदाबाईंच्या डोळ्यांत कधी पाणी आलं नव्हतं. ते आता आलं. त्या उठल्या आणि कोपऱ्यात जाऊन त्यांनी पातेलं दाणकन आपटलं. ज्योतीरामानं ते पाहिलं, आणि गडी सरसावून बसला.

"आचारी पळाला नाही," तो मोठ्यानं म्हणाला. "तो काय, कोपऱ्यात पातेली आपटतोय. सुमनताई, तुमच्यापासून काय लपवायचं? इतके महिने ओव्हरटाइम बंद होता. भजी ही तळायची, आक्काबाईच्या गोठ्यात. कांदे मी चिरायचो."

चित्राच्या तोंडातलं भजं तोंडातच राहिलं. सुमनताईंचा चेहरा आधी पडला, मग लाल झाला. त्यांनी वाटी खाली ठेवली.

"म्हणजे शनिवारी ती चूल अडवून बसणारी बया तुम्हीच होय!" त्या कडाडल्या. "मला शनिवारीही तळायचं होतं, तर मेलीला नुसत्या रविवारवर भागवावं लागत होतं!"

"अगंबाई! म्हणजे तुमचे ते वडे..."

"मग? ह्यांच्या कंपनीत ओव्हरटाइम दिवाळीलाच बंद झालाय!"

दोघी एकमेकींच्या अंगावर पडून हसल्या. ज्योतीरामही हसला, जरा उशिरानं. चित्रानं मात्र मारुतरावाचा पुडा हळूच बाजूला सरकवला.

"आई," ती म्हणाली, "तुझी भजी फार छान असतात. आत्ता करतेस?"

ऐकायचं होतं ते ऐकून झालं. यशोदाबाईंनी डोळे पुसले, पदर खोचला आणि कमरेवर हात ठेवले.

"मुळीच नाही! आता ओव्हरटाइम आहे तुमचा, श्रीमंत झालात ना? गिळा आता हॉटेलचीच!"