शेजारच्या गाडीचं शेपूट

मला वाचवलं ते आमच्या यार्डातल्या गार्डबाबांनी. हे आधी सांगतो. वॉकीटॉकी छातीशी धरून, डोळे मिटून ते ऐकायचे आणि प्रत्येक मालगाडीला एकच विचारायचे, "शेपूट काय म्हणतं?"

बाबा पाचोऱ्याकडचे, मी धुळ्याकडचा. आठवीत शाळा सोडली, सुरतेला बमरोलीत कापडाच्या लूमवर राहिलो. लूम बंद पडला तेव्हा ठेकेदारामार्फत यार्डात लागलो. मालगाडीच्या शेवटच्या डब्यामागे लुकलुकणारी पेटी तुम्ही पाहिली असेल. ब्रेकची हवा शेपटापर्यंत पोचते का, ते ती रेडिओवरून इंजिनात कळवते. ती लावायची, तिचा नंबर ड्रायव्हरला सांगायचा, हे माझं काम. या पेट्यांमुळे गार्डाचा डबाच निघत चालला होता. तरी ती लावायला मला शिकवलं बाबांनीच. "माझ्या जागेवर बसणारीला नीट बसव, भो," म्हणायचे.

एका दुपारी पाच आणि सहा नंबर लाइनीवर दोन गाड्या उभ्या होत्या. दोन्हींना पेट्या मीच लावल्या. सहाच्या ड्रायव्हरला नंबर सांगितला. हवा पूर्ण आहे, म्हणाला. सिग्नल मिळाला. तेवढ्यात हातातल्या चिठ्ठीकडे नजर गेली. सहाच्या ड्रायव्हरला दिलेला नंबर पाचवरच्या गाडीच्या पेटीचा होता. ड्रायव्हर बघत होता ती हवा शेजारच्या गाडीची.

सांगितलं तर ठेकेदार काढणार. बायको पोरांना घेऊन नुकतीच उधन्याला आली होती. सहाच्या गाडीनं झटका घेतला.

रेडिओवर बाबा आले. सहाचं शेपूट काय म्हणतं? मी बटण दाबलं आणि पुन्हा सोडलं.

"भो, घाबरलास?"

"हो."

"मग घाबरत सांग. पण आत्ता सांग."

सांगितलं. बाबांनी लगेच ड्रायव्हरला थांबवलं. दोन डब्यांएवढं अंतर सरकून गाडी उभी राहिली. मग आम्ही दोघं उन्हात तिच्या कडेनं चालत गेलो. मधल्या एका डब्याचा हवेचा कॉक, नळीवरची तोटी, बंद निघाला. त्याच्या मागच्या कुठल्याच डब्याला ब्रेक नव्हता. बाबा तिथंच खडीवर बसले. शिव्या देतील वाटलं, त्यांनी पाणी मागितलं.

साहेबांसमोर त्यांनी माझी चूक लपवली नाही. एवढंच म्हणाले, "हा बोलला म्हणून गाडी थांबली." ठेकेदारानं आठवडाभर घरी बसवलं, पण काढलं नाही.

बाबा आता निवृत्त होऊन गावी असतात. मागे फोन केला तर विचारलं, अजून घाबरतोस का. म्हटलं, रोज, नंबर तीनदा वाचतो. बरं करतोस, म्हणाले.

त्यांची सगळी नोकरी गाडीच्या टोकाला, मागं पळणारे रूळ बघण्यात गेली. एक दिवस मी पाचोऱ्याला जाणार आणि त्यांना आमच्या खोलीवर सुरतेला आणणार. गाडीत खिडकीशी बसवीन, पुढं तोंड करून.