आईच्या नावाची परात

शुक्रवारी शाळेत मुलांनी केलेली भेळ परातीसकट उचलली आणि फाटकाबाहेर गाईंपुढे ओतली. ती भेळ माझ्या आईने कालवली होती. आई तिथेच उभी होती.

एवढं लिहायला मला बरेच महिने लागले. आई गेल्यावर लिहायला बसले. एखादी ओळ लिहायची, मग वही मिटायची. आता सलग लिहिते आहे.

मी तेव्हा जबलपुरातल्या एका खासगी शाळेत दुसरीच्या वर्गाला शिकवत होते. शाळेत गतिविधि सप्ताह चालू होता. त्या आठवड्यात पुस्तकं बंद असतात. सोमवारी आम्ही कागदी पेल्यांत ओला कापूस घातला, त्यात हरभरे ठेवले आणि पेले खिडकीत मांडले. मंगळवारी मुलांनी व्हरांडा वितींनी मोजला. कुणाचीच वीत कुणाशी जुळेना. भांडणं झाली. मग पट्टी कशाला लागते ते मी न सांगताच त्यांना कळलं. मला असे दिवस आवडत. मी फार बोलणारी नाही. वर्गात मात्र माझा आवाज निघे.

बुधवार दादी-नानींचा होता. मुलांच्या आज्यांनी येऊन गोष्टी सांगायच्या. दोघींनी ऐन वेळी नाही म्हटलं. तेव्हा आमच्या मुख्याध्यापिका, ज्यांना सगळे बडी मॅडम म्हणत, मला म्हणाल्या, "आपकी माताजी तो घर पर ही रहती हैं न? ले आइए। मराठी लोग बड़े संस्कारी होते हैं।"

असं मी पहिल्यांदा ऐकत नव्हते. इकडे मराठी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे एकच घर येतं. गणपती, हळदीकुंकू, सोवळं. आमचं आडनाव त्यांना काहीच सांगत नाही. मी अर्जात खरं ते लिहिलं होतं. कुणी विचारलं असतं तर तोंडानेही सांगितलं असतं. कुणी विचारलं नाही. सगळ्यांना वाटत होतं, आपल्याला माहीत आहे.

आई तुमसरजवळच्या खेड्यातून लग्न होऊन इथे आली. बाबा कारखान्यात कामगार. ते गेल्यावर घरात आम्ही दोघीच. आत मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी. पण आईची हिंदी म्हणजे हिंदी पदर घेतलेली मराठीच.

तिने मुलांना कोल्ह्याची गोष्ट सांगितली. कोल्हा नदीच्या वाटेवर बसतो आणि म्हणतो, इथून कुणी जायचं नाही. सगळी जनावरं मुकाट परत फिरतात. एक खेकडा तेवढा विचारतो, "काहून?" कोल्हा म्हणतो, "मैंने बोला इसलिए।" खेकडा पुन्हा विचारतो, "काहून?" कोल्ह्याला उत्तर सुचत नाही. खेकडा हटत नाही. मुलं हसून लोळली. गुरुवारी वर्गात दुसरा शब्द नव्हता. ओळीत उभे राहा म्हटलं की, "काहून?" डबा बंद करा म्हटलं की, "काहून?" आणि सगळ्यांची मागणी एकच, नानी को फिर बुलाओ.

म्हणून शुक्रवारी आई पुन्हा आली. त्या दिवशी बिना आँच की रसोई होती, म्हणजे चुलीशिवाय करायचे पदार्थ. आमच्या वर्गाकडे भेळ. आईने चटणी सकाळी वाटली आणि घरची स्टीलची परात बरोबर घेतली. बाबांची नोकरी पक्की झाली तेव्हा त्यांनी ती कमानिया गेटजवळच्या दुकानातून आणली होती. दुकानदार नाव कोरायचं मशीन हातात घेऊन म्हणाला होता, "बहनजी का नाम डाल दूँ?" बाबा म्हणाले होते, "पूरा नाम डालो भैया। सरनेम के साथ।" आई ही गोष्ट कौतुकाने सांगायची. परातीच्या काठावर तिचं पूर्ण नाव होतं.

आधी सगळ्यांनी ओळीत उभं राहून हात धुतले. साबण, नखं, मनगटं. आई त्या ओळीत मुलांच्या मागे उभी राहिली आणि तिनेही हात धुतले. मुलांनी उकडलेले बटाटे सोलले, कोथिंबीर तोडली. एका मुलीने तिला चमचा दिला. आई म्हणाली, "चम्मच से भेल नहीं होती, बाळा. हाताले समजते मीठ कुठं पोचलं ते." आणि हिंदीत काय म्हणायचं ते न सुचून तिने हात घातलाच.

तेवढ्यात ईराच्या आजी आल्या. ईरा माझ्या वर्गातली. तिचे वडील बँकेत अधिकारी, बदली होऊन नुकतेच आलेले. आजी पुण्याहून त्यांच्याकडे राहायला आल्या होत्या. आईचं बोलणं त्यांच्या कानावर पडलं.

"अय्या, तुम्ही मराठी? किती बरं वाटलं हो! इथे आल्यापासून तोंड शिवल्यासारखं झालंय माझं."

आईचा चेहरा उजळला. "हो ना बाई. मी तर लग्न झाल्यापासून हिंदीतच भाजी घेऊन राहिली."

दोघी हसल्या. ईराच्या आजी म्हणाल्या, "आम्ही बाई भेळेत कैरी घालतो." आई म्हणाली, "घाला ना. आंबट पायजेच." चव बघायला आजींनी चिमूटभर भेळ हातात घेतली. मी लांबून बघत होते. मला आनंद झाला होता, तेही लिहून ठेवते. आईला कुणी बोलायला मिळालं म्हणून.

आईने खालची शेव वर काढायला परात कलती केली. काठावरची अक्षरं आजींच्या समोर आली. त्यांनी वाचलं. वाचताना ओठ हलले. शाळेत देवनागरी सगळ्यांनाच वाचता येत होती. ते आडनाव वाचता येणाऱ्या मात्र त्या एकट्याच होत्या.

"कुठल्या म्हणालात तुम्ही?"

"तुमसरच्या बाजूची."

"तुमच्यात गौरी-गणपती बसतात?"

"नाही जी. आमच्या घरी बुद्धवंदना असते."

"हो का? छान. छान असतं तेही."

हातातली चिमूट त्यांनी कागदाच्या बशीच्या कडेला ठेवली. रुमाल काढला. एकेक बोट पुसलं. मग म्हणाल्या, "ईरा, चल. तुला खोकला आहे ना."

"मुझे नहीं है खाँसी," ईरा म्हणाली.

"आहे. चल."

बशा मांडून होईपर्यंत बडी मॅडम दारात आल्या. मागे शिपाई. "बच्चों, कोई नहीं खाएगा। चटनी ख़राब हो गई है।"

आई म्हणाली, "मॅडम, चटनी तो सुबह ही पीसी मैंने."

बडी मॅडमनी तिच्याकडे पाहिलं नाही. "भैया, ये उठा लो।"

शिपायाने परात उचलली. आई तशीच उभी. दोन्ही हात भेळेने भरलेले, अंगापासून दूर धरलेले. तिला कुणी धुवा म्हटलं नाही, बसा म्हटलं नाही. मुलं खिडकीकडे धावली. हरभऱ्यांच्या पेल्यांवरून वाकून बघायला लागली. खाली फाटकाबाहेर गाई आल्या होत्या.

एक मुलगा माझ्याकडे वळला. "मैम, नानी की भेल फेंक दी। काहून?"

कुणी हसलं नाही. आई म्हणाली, "गाय को भूक लगी होगी, बाळा."

शाळा सुटल्यावर मला केबिनमध्ये बोलावलं. आई बाहेर मुलांच्या बुटक्या खुर्चीवर बसली. परात मांडीवर. शिपायाने ती आणून दिली होती, न धुता.

"आपने कभी बताया नहीं," बडी मॅडम म्हणाल्या.

"क्या नहीं बताया?"

"अब आप भी समझदार हैं। मुझे कोई दिक़्क़त नहीं, मेरे लिए सब बराबर। पर पैरेंट्स के फ़ोन आ रहे हैं।"

मग त्यांनी उपाय सांगितला. पालकांच्या ग्रुपवर मी माझ्या नावाने लिहायचं की चटणी घरून आणली होती, स्वच्छता पाळली गेली नाही, मी माफी मागते. सोमवारी मुलांनाही हेच सांगायचं. "बात ख़त्म हो जाएगी। अगले सेशन में तो हम आपको बड़ी क्लास देने वाले थे।"

त्या खोलीत जात हा शब्द कुणी उच्चारला नाही. तक्रार करायची तर कशाची? कायद्याला बोललेला शब्द लागतो. इथे एक खोकला होता आणि एक चटणी. मी उठले आणि बाहेर आले.

ऑटोत आईने परातीचा काठ पदराने पुसला. मग म्हणाली, "नाव वाचलं तवाच समजलं होतं मले."

"मग पुढचं सांगितलंस कशाला?"

"इचारलं ना तिनं. लय दिवसानं कोनी मराठीत इचारलं."

हे वाक्य मी आजही पूर्ण ऐकू शकत नाही. ज्या भाषेसाठी ती आयुष्यभर आसुसली होती, त्याच भाषेत तिला बाजूला सारलं. गोड आवाजात. छान असतं तेही.

घरी आल्यावर ती म्हणाली, "लिहून दे. माह्या हाताचं काय. तुही नोकरी राहिली पायजे."

"मी लिहिणार नाही."

"काहून?"

ती थट्टा करत नव्हती. तिला खरंच विचारायचं होतं.

मी म्हटलं, "कारण तुझे हात स्वच्छ होते."

तिने हातांकडे पाहिलं. चटणीचा हिरवा रंग नखांत राहिला होता. ती मोरीत गेली आणि पुन्हा हात धुऊ लागली. नळ बराच वेळ चालू राहिला. मी दाराबाहेर उभी होते. त्या नळाच्या आवाजात माझ्या आतली भीती संपली. तिच्या जागी जे आलं ते धैर्य नव्हतं. मागे फिरायला जागाच उरली नव्हती.

सोमवारी हरभऱ्यांना कोंब आले होते. मुलं आपापले पेले घेऊन बसली. बडी मॅडम दारात उभ्या होत्या, मी सांगते की नाही ते बघायला. मी सांगितलं.

"भेल ख़राब नहीं थी। नानी के हाथ साफ़ थे, हम सबने साथ में धोए थे। कुछ लोग मेरी माँ को अपने से छोटा मानते हैं, इसलिए भेल फेंकी गई। वो लोग ग़लत हैं।"

आयुष्यात मी इतकं मोठ्याने काही म्हटलं नव्हतं.

"किसने बोला कि नानी छोटी हैं?" त्याच मुलाने विचारलं.

"किसी ने नहीं बोला, बेटा। बिना बोले किया।"

महिनाअखेरीला मला येऊ नका म्हणून कळवलं. कारण लिहिलेलं नव्हतं. ईराचे वडील, इतर पालक, माझ्याबरोबर डबा खाणाऱ्या शिक्षिका, कुणाचाही फोन आला नाही.

हे सगळं मी सोसलं असतं. नोकरी दुसरी शोधली असती. पण त्या शुक्रवारनंतर आईने हाताने कालवणं सोडलं. भात चमच्याने. मुरमुऱ्याचा चिवडा चमच्याने. कणीक मळायची वेळ आली की मला हाक मारायची. एकदा मी ओरडले, "आई, हे काय चाललंय?" ती म्हणाली, "सवय लावून राहिली." मी मुलांना खरं सांगू शकले. सगळ्या वर्गाने ते ऐकलं. माझ्या आईपर्यंत ते पोचलं नाही. बोटं पुसणारा तो रुमाल तिने आपल्याच हाताशी कायमचा ठेवून घेतला होता.

पुढे तिला दवाखान्यात ठेवलं. हृदयाचं दुखणं होतं, ते आधीपासूनचं. अपमानाने माणूस मरतो असं मी म्हणत नाही. मी जे पाहिलं तेवढंच सांगते. मी वरण-भात हाताने कालवून घास तिच्या तोंडाशी नेला. तिने मान वळवली.

"चमच्यानं दे."

"आई, इथे आपल्याला कोण बघतंय?"

तिने डोळ्यांनी शेजारची खाट दाखवली. तिथे अनोळखी कुटुंब बसलेलं होतं. त्यांचं आमच्याकडे लक्षही नव्हतं.

मी चमच्याने दिलं. माझ्या हातून तिने खाल्लेला तो शेवटचा घास.

लोक मला समजावतात. जाऊ दे, त्या बाईंचंही वय झालेलं. जुने संस्कार. बडी मॅडमची मजबुरी. मी ऐकून घेते आणि मनात ती मुलगी आणते, जिने आईला चमचा दिला होता आणि आईने तो हसून परत केला होता. ते हसू मला परत कोण देणार? मी क्षमा करणार नाही. क्षमा मागायलाही कुणी आलेलं नाही.

आता मी जबलपूरजवळच्या पाटणच्या बाजूला एका सरकारी प्राथमिक शाळेत अतिथी शिक्षिका आहे. नोकरी पक्की नाही. पहिल्या दिवशी फळ्यावर माझं पूर्ण नाव लिहिलं, त्याखाली आईचं. आडनावासकट. आम्ही कोण, हेही सांगितलं, कुणी विचारायच्या आत. वर्ग बघायला मागच्या बाकावर बसलेले दोन शिक्षक एकमेकांकडे बघत राहिले. बघू देत.

इथेही मी मुलांकडून भेळ करवून घेते. परात घरून नेते. हात धुते आणि हातानेच कालवते. दर वेळी कान दाराकडे असतात. कुणीतरी येईल, हसून म्हणेल, चटणी बिघडली आहे. त्या दिवशी मी परातीवर दोन्ही हात ठेवणार आहे आणि मुलांसमोर विचारणार आहे, काहून. खोकला चालणार नाही. चटणी चालणार नाही. जो शब्द गिळून त्यांनी माझ्या आईची भेळ फेकली, तो त्यांच्या तोंडून बाहेर येईपर्यंत मी विचारत राहणार आहे. नोकरी गेली तरी.

आई नाही. परात आहे. काठावर तिचं पूर्ण नाव आहे.