कमळाबेनची गाठ

मंडळी, मन खातंय, म्हणून ब्रॉडबँड चालू आहे तोवर लिहून टाकते.

सावली गावच्या कमळाबेननी ऑपरेशनमध्ये निघालेली स्तनाची गाठ आमच्या हॉस्पिटलच्या लॅबला संशोधनासाठी दिली होती. त्यातल्या पेशींवर कोणते रिसेप्टर आहेत ते बघायचं होतं. रिसेप्टर म्हणजे पेशीच्या बाहेरच्या अंगाची प्रथिनं. औषध त्यांनाच येऊन चिकटतं.

वाढवलेल्या पेशी डिशच्या तळाला घट्ट बसतात. या कामासाठी त्या सौम्य द्रावणानं, धीरानं सोडवायच्या असतात. आज सकाळी घाईत मी सवयीनं ट्रिप्सिन, म्हणजे प्रथिनं तोडणारं विकर, ओतलं. पेशी झटक्यात सुटल्या, पण ट्रिप्सिननं रिसेप्टरही कापून टाकले. मशीनवर काहीच दिसेना. त्या गाठीच्या पेशी तेवढ्याच होत्या, आता एकही उरली नाही.

दुपारी कमळाबेन तपासणीला आल्या, त्या माझ्यासाठी शेतातल्या तुरीच्या शेंगा घेऊनच. "बेन, मारी गांठ कामे लागी ने?" माझी गाठ कामी आली ना, असं त्यांनी गुजरातीत विचारलं.

"हा, बहु कामे लागी," मी म्हटलं. त्यांचा चेहरा असा फुलला की मला पुढे बोलवेना.

आत्ता आई त्याच शेंगा सोलतेय. म्हणते, "दाणे किती गोड आहेत, खाऊन बघ तरी."

मी अजून एकही तोंडात टाकलेला नाही. तुम्ही त्यांना खरं सांगितलं असतं?