सातची फेरीबोट

माझी जिरली कशी, ते ऐकायचंय? सांगतो, पण चहा संपेपर्यंत कोणी हसायचं नाही.

कॉलेज सोडल्यापासून घरात आपली किंमत शून्य. मला किल्ले दाखवायचा धंदा काढायचा होता. पप्पा म्हणाले, "आधी घरच्यांना पलीकडचा किल्ला धड दाखव. जमलं तर कॉलेजचं नाव काढणार नाही. नाहीतर सोमवारपासून वर्गात."

दाभोळच्या जेटीवर फेरीबोटीत चढायचं, खाडी ओलांडायची, की किल्ला. सोपंय ना? पण न्यायचं कोणाला? आमच्या वडीलधाऱ्यांना! आत्याची पूजा आटपत नाही, काका संडासातून बाहेर येत नाहीत, आणि निघालं की हमखास कोणीतरी "गॅस बंद केला काय गो?" म्हणत परत घरात. जन्मात कधी वेळेवर निघालीत ही माणसं?

म्हणून मी डोकं चालवलं. धरायची होती आठची बोट. सांगितलं, "सातची! एक मिनिट उशीर झाला तर सगळं रद्द!" असा ओरडलो की आत्याच्या हातातला नारळ पडला. वर तणतणत मित्राकडे झोपायला गेलो. "थेट जेटीवर भेटा!"

सकाळी आरामात पावणेआठला पोचलो. जेटीवर कोणी नाही. म्हटलं ना!

आठची बोट लागली. गाड्या चढायला लागल्या. आमच्यातलं एक माणूस दिसेना, कोणी फोन उचलेना. शेवटी माझं टाळकं सटकलं. घरच्या ग्रुपवर आवाज रेकॉर्ड करून टाकला, "केस पिकले तरी घड्याळ कळत नाही? लाज वाटत नाही? तुमच्यापायी माझं वाटोळं होणार!"

लगेच पप्पांचा फोन. "कुठेयस?"

"जेटीवर! तुम्ही कुठे मेलात?"

"किल्ल्याच्या दरवाजात. सातच्या बोटीने आलो, तूच सांगितलंस तसे. वाटलं, तू पुढे गेलास."

सातला खरंच बोट असते? मी वेळापत्रकात आठच्या अलीकडचं बघितलंच नव्हतं!

फोनवर पप्पांच्या मागून आत्या कडाडली, "मेल्या, पहाटे उठून पूजा उरकली मी! म्हटलं, पोरगा एकदाचं काहीतरी मनावर घेतोय, आपल्यामुळे फिसकटायला नको. आणि तुझी ती आरती आत्ता स्पीकरवर सगळ्यांनी ऐकली हो! पहारेकऱ्याने पण!"

"आ... आठच्या बोटीने येतो," म्हणत वळलो.

बोट सुटलेली. अर्ध्या खाडीत.

"कॉलेज किती वाजता भरतं रे?" पप्पा अगदी शांत.

"दहाला."

"मग तू नऊला भरतं असं समज."