चादरीचा जोडीदार

कंपनीच्या चाळीत आमच्या शेजारच्या खोलीत कडक राहतो. धुलाई कारखान्यात इस्त्रीवर असतो. त्याचे कपडे कडक, जीभ त्याहून कडक, म्हणून हे नाव. त्याच्यासोबत शिंपी. तो मामेभाऊ, असं सगळे म्हणायचे. मामा कोणी पाहिला नाही, मामी तर नाहीच. पण खाट एकच, हे मी साखर मागायला गेले तेव्हा पाहिलं. आता डोळे काय घरी ठेवून जायचं?

मग संप झाला आणि मालकाने फाटकाला कुलूप ठोकलं. शिंपी आणि त्याच्याच पठडीतले त्याचे मित्र फाटकावर जेवणाची पातेली आणायचे. आमचे संपकरी वाघ तोंड फिरवून जेवायचे, ताटं मात्र चाटूनपुसून. युनियनचे सेक्रेटरी म्हणाले, "जेवण ठेवा, पण फलकाजवळ उभे राहू नका. लोक नावं ठेवतात." तो कापडी फलक शिंप्यानेच शिवलेला!

संप जिंकला. मालकाची एकच अट उरली: कंपनीच्या खोल्यांत उपरे नकोत. राहील कोण? सेक्रेटरींनी करारात लिहिलं, 'कामगार, पत्नी व मुले'. म्हणजे शिंप्याने गाठोडं बांधायचं.

आमच्या अंगणात सभा भरली. कडक उठला. "पत्नी खोडा. जोडीदार लिहा."

चादरीची घडी दोघं घालतात. समोरचं टोक धरणाऱ्याला कारखान्यात जोडीदारच म्हणतात.

"कुठला रे? चादरीवरचा की चादरीखालचा?" मागून कोणीतरी ओरडलं. सगळे खिदळले. आमचे हेसुद्धा.

"हाकला त्या शिंप्याला!"

"त्याचं जेवताना नाही घास अडकला?" कडक म्हणाला.

"उपकार काढतोस? बस खाली!" सेक्रेटरी गुरकावले.

तेवढ्यात कडकच्या चादरीचं दुसरं टोक धरणारी आक्का उठली. तिला काही त्याचा पुळका नव्हता. शिंप्याला ती तोंडावर 'सवत' म्हणायची.

"सेक्रेटरी, निम्म्या कामगार आम्ही बायका. माझ्या नवऱ्याने कुठे निजायचं? त्याला पत्नी लिहू, की तुमच्या घरी पाठवू?"

सेक्रेटरींना मतं घ्यावी लागली. बायकांचे हात भराभर वर गेले. शिंप्यासाठी नव्हे हो, आपापल्या नवऱ्यांसाठी! शब्द बदलला.

प्रेम काही उतू गेलं नाही. शिंपी दिसला की सेक्रेटरी अजून थुंकतात. पण शिंपी राहिला. सुट्टीच्या दिवशी दोघं सगळ्यांदेखत गॅलरीत चादरीची घडी घालतात.

"मामी बऱ्या आहेत ना?" मी विचारते.

"वारल्या," कडक म्हणतो. "तुमच्या चौकशांनीच."