मधली सुट्टी आणि डिपोटींची शिट्टी

आमची शाळा नंदिगड्ड्याकडच्या एका वाडीत, देवळाच्या ओसरीवर भरे. मास्तर एकच. मला दरवर्षी हिवताप येई, पोटात डावीकडे पानथरी वाढे, म्हणून घरी काढा पाजून कांबळ्याखाली ठेवत. मी धावत असे तो फक्त मधल्या सुट्टीत, कारण तिथं आई नसे.

सुट्टीत आमचा एकच खेळ, गवा. शेतातल्या माळ्यावरचा राखणदार गवा दिसला की तोंडात बोटं घालून शीळ घाली आणि खालची माणसं झाड गाठत. आम्ही तेच खेळायचो. एकानं शीळ घालायची, बाकीच्यांनी देवळापुढच्या आंब्याकडे पळायचं. लहानांना आधी वर ढकलायचं. खाली लहान उरला असताना जो मोठा चढेल तो बाद. मी सगळ्यांत हलका आणि धापा टाकणारा, म्हणून मला सगळ्यांच्या आधी चढवत.

पाटलांना हे खुपे. "पोरं शाळंला खेळाय घालताव व्हय, मास्तर? हुंदडायचं तर गुरांमागनं हुंदडतील की."

शाळा तपासायला डिपोटी येणार आणि पाटील त्यांच्याकडून सुट्टी बंद करवून घेणार, असं कळलं. सुट्टी गेली की मला उरणार होता तो काढा.

डिपोटी बैलांच्या दमणीतून आले. कोट, जरीकाठी पागोटं, गळ्यात चकचकीत शिट्टी, मागे पट्टेवाला शिपाई. पाटलांचं ऐकून ते म्हणाले, "बरोबर आहे. सुट्टीऐवजी कवायत ठेवू." आम्हाला रांगेत उभं केलं. शिस्तीवर साम्राज्यं कशी उभी राहतात ते त्यांनी सविस्तर सांगितलं. साम्राज्याशी आमचं काही वाकडं नव्हतं. मग त्यांनी शिट्टी फुंकली.

रांग नाहीशी झाली. कुणी मला उचललं, कुणी खालून ढकललं, आणि बघता बघता सगळी शाळा आंब्यावर होती. शिपाई माझ्या शेजारच्या फांदीवर होता. वरून आमच्यातला थोरला ओरडला, "सायेबानू, तुमीबी चडा. गवा कोट बघून सोडत न्हाई."

खाली मास्तर, डिपोटी आणि पाटील. पाटलांचा एक हात खोडावर होता. तो त्यांनी सावकाश काढून घेतला.

मास्तरांनी शिळेचा अर्थ सांगितला. डिपोटींनी विचारलं, "हे तुम्ही शिकवलंत?"

"नाही, रावसाहेब. हे मधल्या सुट्टीत होतं. मी तेव्हा जेवत असतो."

पोरं उतरली. मला उतरता येत नसे. रोज थोरला उतरवी. त्या दिवशी डिपोटींनीच हात वर केले. माझे मातीचे पाय त्यांच्या कोटावर उमटले.

"रोज तुलाच आधी चढवतात?"

"व्हय."

"का?"

"ल्हान हाय म्हणून."

त्यांनी मला खाली ठेवलं, शिट्टी खिशात टाकली आणि पाटलांना म्हणाले, "सुट्टी राहू द्या."

पुढच्या सुगीपर्यंत मी आपला आपण चढू लागलो आणि लहानांना ढकलण्यासाठी खाली थांबायची पाळी माझ्यावर आली. नंतर शहरांत पुष्कळ कवायती पाहिल्या, बँडसकट. देखण्या असतात. पण म्हातारपणी हे पाय अजून चढण चढतात ते त्या आंब्याखालच्या हातांमुळे, आणि ते ऋण मला फेडावंसंही वाटत नाही. आईनं मात्र सगळं श्रेय काढ्याला दिलं. मी तिचं म्हणणं कधी खोडलं नाही.