दुपारच्या घंटेपर्यंत: एका शान गावासाठी मॉन्ट्रियलला

मॉन्ट्रियलला मी याआधी चार वेळा गेले होते, पण डिकीत दोन किलो बेसन घेऊन कधीच नाही. शेजारच्या सीटवर नांग हॉम मुठी आवळून बसली होती.

नांग हॉम माझ्याबरोबर टोरोंटोजवळच्या ब्रॅम्पटनमध्ये एका वेअरहाउसमध्ये पॅकिंगला असते. ती बर्माच्या शान राज्यातली. ती सात वर्षांची असताना लष्कराने तिचं गाव उठवलं आणि जाळलं. मग ती आईबरोबर थायलंडमधल्या संत्र्यांच्या बागांत वाढली, जवळ एकही कागद नसताना. आता आई नाही. कॅनडात तिने आश्रयासाठी अर्ज केला होता, सुनावणी तीन आठवड्यांवर आली होती आणि वकीलबाई म्हणाल्या, तुमचं गाव ओळखणारा कुणीतरी साक्षीला आणा. असा एकच माणूस सापडला, मॉन्ट्रियलचे लुंग खम. लुंग म्हणजे काका. काकांनी फोनवर एवढंच सांगितलं, येताना बेसन आणा. नांग हॉमकडे गाडी नाही, माझ्याकडे आहे, आणि दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसायची हौसही आहे.

रविवारी सकाळी सहाला आमच्या एटोबिकोहून निघालो. "विंटर टायर्स आहेत गं, पण वॉशर फ्लुइड चेक केलंस का?" नवऱ्याने दारातून विचारलं. केलं नव्हतं. तुम्ही करा, कारण ४०१ हायवेवर ट्रक बर्फासाठी टाकलेल्या मिठाचं पाणी असं उडवतात की समोरचं काही दिसत नाही. थांबत थांबत साडेसहा तास लागले. किंग्स्टनला वॉशरूम, कॉफी आणि घरचे कटलेट झाले.

वाटेत मी प्रश्न विचारून तिला भंडावून सोडलं. शान लोकांचे पूर्वी आपल्या संस्थानिकांसारखे राजे होते. १९४७ साली पांगलाँगला करार करून ते नव्या बर्मात सामील झाले. दहा वर्षांनी वेगळं व्हायचा हक्क राज्यघटनेतच होता. पुढे लष्कराने सत्ता घेतली, राजे तुरुंगात गेले आणि रानात बंदुका आल्या. "आणि तुम्ही?" मी विचारलं. "आम्ही मध्ये," ती म्हणाली. "आम्हाला भात लावायचा होता."

काकांचं घर तिसऱ्या मजल्यावर, बाहेरच्या लोखंडी जिन्याने चढायचं. जिन्यावर बर्फ होता, बूट चांगले घाला. काका सत्तरीचे, ताठ, बारीक. त्यांनी चहा दिला आणि थेट सुरुवात केली. गावचा मुखिया कोण होता? ओढा कुठल्या बाजूला? नांग हॉम उत्तर देऊ शकेना. सात वर्षांच्या पोरीला मुखियाचं नाव कुठून आठवणार?

"मी खोटी सही करणार नाही," काका म्हणाले. नांग हॉमने मान खाली घालून त्यांचं शान बोलणं मला इंग्रजीत सांगितलं. ते पुढे म्हणाले, "एक खोटी पकडली, तर नंतरच्या दहा खऱ्यांना कोण विचारेल?"

मला त्यांचा राग आला. आम्ही अलिबागकडचे बेने इस्राएल. मराठी बोलणारे ज्यू कसे असतील, हे लोक आम्हाला आजही विचारतात. पुरावा मागणाऱ्याचा चेहरा मी ओळखते. पण काकांचंही खोटं नव्हतं, आणि त्याचाच जास्त त्रास झाला.

काही सुचेना म्हणून मी स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर पातेल्यात काकांनी घरात उरलेलं बेसन सकाळीच भिजवलेलं होतं. वर पिवळं पाणी, तळाला घट्ट थर. कोकणातल्या बाईला हे बघवत नाही. गुठळ्या होतील म्हणून मी डाव घेतला आणि सगळं छान एकजीव केलं.

काका ओरडत आत आले. शान लोकांचं तोहू, म्हणजे बेसनाचं टोफू, असं होत नाही म्हणे. वरचं पाणी आधी उकळायचं, खालचा साका शेवटी घालायचा. आता परत निवळायची वाट बघणं आलं.

माझा चेहरा बघून नांग हॉमला हसू फुटलं. सकाळपासून पहिल्यांदाच. ती शान भाषेत काहीतरी बोलली आणि काका जागच्या जागी थांबले.

"काय म्हणालीस?" मी विचारलं.

"आई म्हणायची, शाळेची सकाळची घंटा झाली की भिजवायचं, दुपारच्या घंटेपर्यंत हात लावायचा नाही. घंटा म्हणजे ट्रकच्या चाकाची रिम होती, तडा गेलेली. दुपारची नेहमी उशिरा व्हायची. मास्तर झोपायचे."

काका लाल झाले. "मी झोपत नव्हतो," ते म्हणाले, आणि खुर्चीवर बसून रडू लागले. ते ओढ्यापलीकडच्या गावात राहत, पण शाळा नांग हॉमच्या गावात होती आणि त्या शाळेचे मास्तर तेच.

साक्ष त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिली, चार पानं. घंटेची हकीकत त्यात आहे. झोपेची नाही.

संध्याकाळी गरम, न थिजवलेलं तोहू नूडल्सवर ओतून खाल्लं. दिसायला थेट पातळ पिठलं. फोडणी हवी होती, पण एव्हाना मी तोंड बंद ठेवायला शिकले होते. त्यांच्याच बैठकीत गाद्या टाकून झोपलो आणि सोमवारी परतलो.

परवा घरी मी बेसन भिजवून ठेवलं. "आई, इट्स जस्ट सिटिंग देअर," लेक म्हणाली. माझा हात शिवशिवत होता, इतक्यात नांग हॉमचा फोन आला. सुनावणी होऊन तिचा आश्रयाचा अर्ज मंजूर झाला होता. ती रडत होती, मीही. मग तिने विचारलं, काय करत होतीस?

"तोहूसाठी बेसन भिजवलंय."

"ढवळलं नाहीस ना?"

नाही म्हटलं. अजून दुपार व्हायची होती.